पोहणे शिकवणाऱ्याची तालीम

एप्रिल लागला की बिडकीनच्या शिवारात, ज्या विहिरींना अजून पाणी आहे तिथे, पोरांचा गलका सुरू होतो. पाठीला रिकामा डबा नाही तर चाकाची ट्यूब बांधायची, मामूने किंवा थोरल्या भावाने कमरेला दोर लावून पाण्यात सोडायचे, दोन-चार दिवस नाकातोंडात पाणी जाऊ द्यायचे आणि एक दिवस न सांगता दोर ढिला करायचा. आपल्या भागातल्या कितीतरी पिढ्या अशाच पोहायला शिकल्या. या पद्धतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. गोदावरीच्या आणि नाथसागराच्या शेजारी राहणाऱ्यांना पोहता येणे ही चैन नाही, गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यात लहान मुलांचा वाटा फार मोठा होता.

मात्र विहिरीत तरंगणे वेगळे आणि स्पर्धेच्या तलावात शंभर मीटर अंतर वेगाने कापणे वेगळे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता मामूला ठाऊक नसतो. तो दाखवायला प्रशिक्षक लागतो. हा प्रशिक्षक स्वतः कुठे शिकतो, काय शिकतो आणि एकदा शिकल्यावर पुढे शिकत राहतो का, हा आमच्या या लेखाचा विषय आहे.

विषय नेहमीचा नाही, हे खरे. पण गेल्या काही वर्षांत बिडकीनचे रूप पालटले आहे. औद्योगिक वसाहत आली, पगारदार घरे वाढली, आणि पैठण रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर जाऊन शहरातल्या तलावावर मुलांना पोहायला नेणारे पालक दिसू लागले. सुट्ट्या जवळ आल्या की यांपैकी काही पालक आमच्याकडे चौकशी करतात. फी किती असेल, वेळ कोणती बरी, पाणी स्वच्छ असते का, बस मिळेल का, हे सगळे विचारतात. शिकवणारा काय शिकलेला आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. हेच पालक शाळेत आले की पहिल्यांदा विचारतात, नव्या सरांचे बीएड झाले आहे का? वर्गात चुकीचे शिकवले तर मुलाचे गुण जातील एवढीच भीती. पाण्यात चुकले तर काय जाईल, हे सांगायला नको.

उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे आम्हाला एका शब्दाची नेहमी गंमत वाटते. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. तोच शब्द मराठीत आला आणि लाल मातीचा आखाडा झाला, नाटकाची तयारी झाला. मराठी माणसाने शिक्षणाच्या शब्दाला घाम फोडला असे म्हणायला हरकत नाही. पोहण्याच्या प्रशिक्षकाला या दोन्ही अर्थांनी तालीम लागते, आणि आपल्याकडे बहुतेकांजवळ दुसऱ्या अर्थाची तेवढी असते. स्वतः चांगला पोहणारा, चार पदके मिळवलेला तरुण शिट्टी गळ्यात अडकवून काठावर उभा राहतो आणि प्रशिक्षक होतो. गणितात शंभर गुण मिळवणारा प्रत्येक जण गणित शिकवू शकत नाही, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. काठावर मात्र हा हिशोब कोणी लावत नाही.

तलावावर खरे तर तीन वेगळी कामे असतात. एक जीवरक्षकाचे. त्याने कोणालाही काही शिकवायचे नसते, नजर पाण्यावरून हलवायची नसते. दुसरे नवशिक्याला पोहायला शिकवणाऱ्याचे. तिसरे स्पर्धेसाठी तयार करणाऱ्याचे. लहान गावांत आणि उन्हाळी शिबिरांत ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. तो एका मुलाचे पाय धरून लाथा मारायला शिकवतो तेव्हा त्याची पाठ बाकीच्या पंधरांकडे असते. बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो, हात हलवतो. प्रत्यक्षात तो बहुधा गप्प असतो. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, हात आपोआप बाजूला दाबले जातात, आणि वीस ते साठ सेकंदांत सगळे संपते. अमेरिकेतले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांची चित्रफीत घेऊन हे दाखवून दिले. प्रशिक्षणात हे शिकलेला माणूस गप्प झालेल्या मुलाकडे आधी बघतो.

आता स्पर्धेकडे वळू. आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ते पोहले. २०१० मध्ये ग्वांगझू इथल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. त्याआधी आशियाई स्पर्धेत भारताला पोहण्याचे पदक मिळाले होते ते १९८६ मध्ये सोलला, खजान सिंग यांचे रौप्य. मधली चोवीस वर्षे कोरडी. या काळात देशात पोहणारी मुले नव्हती असे नाही, नद्या आणि तलावही होतेच. मग कोल्हापूरचा हा मुलगा कुठे गेला? बंगळुरूला, निहार अमीन या प्रशिक्षकाकडे. अमीन यांना २०१५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी तो प्रदीप कुमार यांना मिळाला. त्यांचे शिष्य साजन प्रकाश यांनी जून २०२१ मध्ये रोमला २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहून ऑलिम्पिकची थेट पात्रता गाठली. असे करणारे ते पहिले भारतीय. म्हणजे पाणी सगळीकडे असते, पण चांगला प्रशिक्षक असतो तिथे मुलांना घर सोडून जावे लागते.

वीरधवल यांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मध्ये त्यांनी तहसीलदाराची नोकरी पत्करली, पोहणे जवळजवळ सुटले, मग पुन्हा तयारी करून २०१८ मध्ये ते जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत उतरले. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांचा चौथा क्रमांक आला. कांस्यपदक फक्त एक शतांश सेकंदाने हुकले. पापणी लवायलाही यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. एवढ्याशा फरकावर जिथे निकाल लागतो, तिथे भिंतीला हात लावताना शेवटचा हात पूर्ण लांबवायचा की अर्धा घ्यायचा, उडी मारताना मागचा पाय किती अंशांत वाकवायचा, शेवटच्या पाच मीटरांत श्वास घ्यायचा की नाही, हे आधीच ठरलेले आणि हजारदा घोटलेले असावे लागते. 'जोर लाव' असे काठावरून ओरडून ते साधत नाही.

पोहणे शिकवण्याचे शास्त्र कसे उभे राहिले हे पाहायचे तर अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांच्याकडे पाहावे. लोक त्यांना 'डॉक' म्हणत. या गृहस्थांनी कॅमेरा पाण्याखाली नेला. त्याआधी सगळे प्रशिक्षक काठावर उभे राहून वरून पाहत, म्हणजे अर्धे पोहणे त्यांना दिसतच नसे. पाण्याखालच्या चित्रफितीत त्यांना दिसले की चांगले पोहणारे हात सरळ मागे ओढत नाहीत, तो वळणे घेत जातो. १९६८ मध्ये त्यांनी पोहण्याच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला, तो जगभरच्या प्रशिक्षकांचे पाठ्यपुस्तक झाला. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सात सुवर्णपदके जिंकणारे मार्क स्पिट्झ हे त्यांच्याच विद्यापीठातले शिष्य. आणि १९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, काउन्सिलमन स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले.

पण आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. हाताची ती वळणे विमानाच्या पंखासारखी पाण्यात उचल देतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला होता. प्रशिक्षकांनी तो उचलून धरला आणि मुलांना पाण्यात इंग्रजी 'एस' अक्षर गिरवायला लावले. पुढच्या संशोधकांनी तपासले तेव्हा कळले की पुढे ढकलणारा मुख्य जोर तळहात आणि कोपरापासूनचा हात पाण्याला मागे रेटतो त्यातूनच येतो, पंखाची उचल त्या मानाने थोडी. हाताला येणारे वळण बरेचसे खांदा आणि धड फिरल्यामुळे आपोआप येते. ते मुद्दाम काढायला लावले तर मुलाचा वेग उलट घटू शकतो. ज्यांनी विद्यार्थीदशेत 'एस' शिकला आणि नंतर वाचन बंद केले, ते आजही तलावावर 'एस काढ, एस काढ' म्हणून ओरडताना दिसतात. ते खोटे बोलत नाहीत. त्यांच्या वेळी तेच खरे होते. प्रशिक्षकाने शिकत का राहायचे याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

नियमांचेही तसेच. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये जपानच्या दाइची सुझुकी यांनी १०० मीटर बॅकस्ट्रोकची शर्यत जिंकली, ती सुरुवातीचे तीसेक मीटर पाण्याखालूनच पार करून. त्यानंतर नियम आला की डोके ठरावीक अंतरात वर आलेच पाहिजे. आधी दहा मीटर, मग पंधरा. आज फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लाय या तिन्ही प्रकारांत हीच पंधरा मीटरची मर्यादा आहे. वळताना किती लाथा चालतात, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले का, यावर पंच मुलाला बाद करतात. जिल्हा पातळीच्या शालेय स्पर्धेत बाद झालेले मूल रडत बाहेर येते. त्याला आपले काय चुकले हे ठाऊक नसते, आणि पुष्कळदा त्याच्या प्रशिक्षकालाही नसते. दहावीच्या वाढीव क्रीडागुणांचा किंवा पुढे नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा विचार करून पालकांनी तीन-चार वर्षे खर्च केलेली असतात. हा सगळा खर्च न वाचलेल्या एका नियमाने पाण्यात जातो.

एका धोक्याविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण तो विहिरीवरही आहे. 'पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो' ही पोरांची आवडती पैज. काही प्रशिक्षकही दम वाढवण्यासाठी एका श्वासात पूर्ण तलाव पार करायला लावतात. बुडी मारण्याआधी जोरजोरात दहा-बारा श्वास घेतले की दम टिकतो असा समज आहे. प्रत्यक्षात होते असे की त्या श्वासांनी शरीरातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. श्वास घे, असा निरोप मेंदूला तोच देत असतो. तो कमी झाल्यामुळे निरोप उशिरा येतो, आणि तोवर प्राणवायू इतका खाली जातो की मूल कोणतीही सूचना न देता पाण्याखालीच बेशुद्ध पडते. उत्तम पोहणारी मुले अशीच जातात, नवशिकी नव्हे. म्हणून चांगल्या अभ्यासक्रमांत दम धरण्याच्या पैजांना साफ मनाई असते. तसेच पाण्यातून काढलेल्याचे पोट दाबत बसू नये, श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी, हेही हातांनी पुतळ्यावर करून शिकवले जाते. हे कौशल्य न वापरता विसरते, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा द्यावी लागते. घरातल्या मोठ्यांनीही हे एकदा शिकून घ्यायला काय हरकत आहे?

आता मुलींविषयी. आमच्या माहितीतल्या एका सातवीतल्या मुलीची अम्मी म्हणाली, "दोन वर्षं पोहली. जिल्ह्याला दुसरी आली. आता तिचे अब्बा नको म्हणतात, मलाही बरोबर वाटतं. शिकवायला सगळे पुरुष. मुलीला पाळी आली तर ती कोणाला सांगणार?" या बाईंना मुलीच्या पोहण्याचा अभिमान होता. विरोध पोहण्याला नव्हताच. काठावर एखादी शिकलेली बाई असती तर हा निर्णय कदाचित वेगळा झाला असता. हे फक्त मुस्लिम घरांत होते असेही नाही. आमच्या शाळेतल्या सगळ्याच समाजांच्या मुली बारा-तेराव्या वर्षी मैदान सोडतात. पाण्याच्या बाबतीत ते एखादे वर्ष आधी होते, एवढेच.

आणि नेमक्या याच वयात जाणकार प्रशिक्षकाची गरज सर्वांत जास्त असते. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची दोनेक वर्षे उशिरा. हात लांब होतात, शरीराचा तोल बदलतो, आणि कालपर्यंत जमणारा स्ट्रोक आज जमेनासा होतो. वेळ थांबते, कधी मागेही जाते. न शिकलेला प्रशिक्षक म्हणतो, मुलगी आळशी झाली, लक्ष नाही. मग तो मीटर वाढवतो, आणि खांदा दुखायला लागतो. शिकलेला प्रशिक्षक दर महिन्याला उंची मोजतो, वही काढतो, पंचवीस मीटरला किती हात लागतात हे मोजून पाहतो, आणि चार-सहा महिने वेगापेक्षा ढब सुधारण्यावर भर देतो. पालकांना बोलावून समजावतो. बीएडच्या बालमानसशास्त्रात आम्ही जे शिकलो तेच हे, फक्त ओले.

पोशाखाचा प्रश्न आपल्या घरांत निघतोच, तेव्हा तोही टाळत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २०१० पासून तलावातल्या शर्यतीत बायकांचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच असू शकतो. मान झाकलेली किंवा गुडघ्याखाली गेलेला चालत नाही. हा नियम पोशाखाच्या कापडाने वेग वाढत होता म्हणून आला, कोणाच्या धर्माविरुद्ध नाही. इंग्लंडच्या जलतरण संघटनेने २०१७ मध्ये मुस्लिम विमेन्स स्पोर्ट फाउंडेशनच्या मागणीवरून आपल्याकडच्या स्थानिक स्पर्धांत पूर्ण अंग झाकणाऱ्या पोशाखाला परवानगी दिली. कापड वेगाला मदत करणारे नसावे एवढी अट घातली. म्हणजे विचारले तर मार्ग निघू शकतो. पण विचारायचे कोणी? नियमपुस्तक वाचलेला, आयोजकांना स्पर्धेच्या आधी लेखी पत्र देऊ शकणारा प्रशिक्षक असेल तरच. नाहीतर मुलगी तलावाच्या दारातून परत येते आणि घरात 'आम्ही आधीच सांगितले होते' सुरू होते.

रमजानचेही तसेच. रोजा धरणाऱ्या मुलाला भर दुपारी पाच किलोमीटर पोहायला लावणे चूक, आणि महिनाभर घरी बसवणेही चूक. सराव कमी करून इफ्तारच्या आधीच्या तासात हलका ठेवायचा, की तलाव उघडा असेल तर इफ्तारनंतर थोडा वेळ घ्यायचा, पाणी किती प्यायचे, झोप कशी सांभाळायची, या गोष्टींवर खेळ-वैद्यकात पुष्कळ अभ्यास झाला आहे. अरब देशांतले खेळाडू तसेच सराव करतात. प्रशिक्षकाला हे माहीत असावे. तो मुसलमान असण्याची मुळीच गरज नाही, शिकलेला असण्याची आहे.

विश्वासाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्यात एका जलतरण प्रशिक्षकावर पंधरा वर्षांच्या मुलीच्या लैंगिक छळाचा आरोप झाला. चित्रफीत देशभर पसरली. गोव्याच्या संघटनेने त्याला काढले, आणि तेव्हाच्या केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी त्याला देशात कुठेच प्रशिक्षक म्हणून नेमू नये असे महासंघाला सांगितले. अशी बातमी आली की आपली पहिली प्रतिक्रिया मुलीला घरी बसवण्याची असते. म्हणजे शिक्षा मुलीलाच. याऐवजी तलावावर काही गोष्टी पक्क्या असाव्यात, असे आम्हाला वाटते. प्रशिक्षकाने एकट्या मुलाशी किंवा मुलीशी बंद खोलीत बोलू नये, रात्री वैयक्तिक संदेश पाठवू नयेत, बाहेरगावच्या स्पर्धेला मुली असतील तर बरोबर एक जबाबदार बाई हवीच, आणि पालकांना सराव केव्हाही पाहता यावा. पाण्यात स्ट्रोक सुधारताना हात लावावा लागतो हे खरे. तो कुठे, कसा आणि आधी विचारून लावायचा, हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. २०१२ चा पोक्सो कायदा काय म्हणतो हे ज्या अभ्यासक्रमात शिकवले जात नाही तो आमच्या मते अपुराच.

मग प्रशिक्षकाने शिकायचे कुठे? देशातली मुख्य संस्था म्हणजे पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था. ती १९६१ मध्ये सुरू झाली. लोक तिला एनआयएस म्हणतात. तिथला आणि बंगळुरू, कोलकात्यासारख्या तिच्या केंद्रांतला प्रशिक्षणाचा डिप्लोमा मानाचा समजला जातो. ज्यांना वर्षभर जाता येत नाही त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. शारीरिक शिक्षणाची पदवी, बीपीएड, हा दुसरा रस्ता. आपल्या राज्यात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव यात जुने आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डी आणि देशी व्यायाम करून दाखवले होते. बीपीएडवाला मात्र सगळ्या खेळांचे थोडेथोडे शिकतो. त्याला पोहण्याचे खास शिक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि ही गोष्ट शाळांच्या व्यवस्थापनांना कळत नाही. 'पीटीचे सर आहेत ना' म्हणून त्यांनाच मुले घेऊन तलावावर पाठवतात.

अमेरिकेत प्रशिक्षकांची स्वतःची संघटना १९५८ पासून आहे. तिने प्रमाणपत्राच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर पाया, दुसरीवर स्ट्रोकचे तंत्र, तिसरीवर शरीरशास्त्र, असे करत वर जायचे, आणि वर जायला नुसती परीक्षा पुरत नाही, शिष्यांची कामगिरी आणि अनुभवही मोजला जातो. तिचे पाठ घरी बसून करता येतात, त्यामुळे आपल्याकडचे काही प्रशिक्षकही ते करतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या निधीतूनही निरनिराळ्या देशांत प्रशिक्षकांचे वर्ग भरतात.

कागद झाले. पण बीएडला आमची जी खरी घडण झाली ती सराव पाठांत झाली. पाठ टाचण काढायचे, सूक्ष्म अध्यापनात पाच-सहा मिनिटे सोबत्यांसमोर शिकवायचे, मागे बसलेले प्राध्यापक वहीत शेरे लिहिणार, ते वाचून तोच पाठ पुन्हा घ्यायचा. आपला पाठ दुसऱ्याने पाहणे सुरुवातीला फार जड जाते. तलावावरच्या किती प्रशिक्षकांचा 'पाठ' कोणी जाणत्याने पाहिलेला असतो? दोन प्रशिक्षक शेजारच्या रांगांत वर्षानुवर्षे शिकवतात आणि एकमेकांचे पाहून शिकण्याऐवजी एकमेकांची मुले फोडतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, म्हणजे २०२० च्या, शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतः शिकावे असे म्हटले आहे. आम्ही शिक्षक त्या प्रशिक्षणांबद्दल कुरकुर करतो, पण ते असते. प्रशिक्षकाला तसे कोणी विचारत नाही.

याला पैशांचीही बाजू आहे. उन्हाळ्याच्या चार महिन्यांपुरते, तासावर किंवा ठेक्यावर नेमलेल्या तरुणाने स्वतःच्या खिशातून शहर सोडून सहा आठवडे शिकायला जावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तलाव चालवणाऱ्यांनी, मग ती नगरपालिका असो की शिक्षणसंस्था, फीमधला थोडा भाग प्रशिक्षकांच्या शिक्षणासाठी राखला तर पालकही कुरकुर करणार नाहीत. तरणतलावाच्या फरश्या बदलायला पैसे निघतातच ना? आपल्या समाजातल्या संस्था शिष्यवृत्त्या देतात त्या डॉक्टर, इंजिनिअर होणाऱ्यांना. एखादी प्रशिक्षक होणाऱ्या मुलीला द्यायला कोणी मना केलेले नाही.

आपल्या मातीतली माणसे पाण्यात कुठवर गेली याची उदाहरणे आहेत. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्याच्या खेड्यातले शमशेर खान १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय पोहले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले, अपंगत्वानंतर पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक घेऊन आले. दोघेही फौजी. शिस्तीचा सराव आणि सरावाची सोय खेड्यातल्या मुलाला तेव्हा फौजेतच मिळे. आज फौजेबाहेरही मिळायला हवी, आणि मुलींनाही.

तेव्हा तलावावर नाव घालताना फीच्या पावतीबरोबर एवढे विचारायला लाजू नये. तुम्ही कुठला अभ्यासक्रम केला, केव्हा केला? जीव वाचवण्याचे प्रमाणपत्र चालू आहे का? शिकवताना पाण्यावर नजर ठेवायला दुसरा कोण असतो? मुलींच्या वेळेला बाई असतात का? आणि शेवटी, गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः नवे काय शिकलात? चांगला प्रशिक्षक या शेवटच्या प्रश्नाने रागावत नाही. उलट तो खुलतो, मोबाइल काढून एखादी चित्रफीत दाखवायला लागतो. जो म्हणतो, 'वीस वर्षे हेच करतोय, मला काय शिकायचंय', त्याच्याकडे मूल पाठवण्याआधी आम्ही दोनदा विचार करू.

ज्या घरात पोहणारी मुलगी आहे आणि ती आता स्पर्धा सोडते आहे, तिथे आणखी एक विचार व्हावा. तिला पाणी कायमचे सोडायला लावू नका. फक्त बायका-मुलींच्या वेळेत का होईना, पोहणे चालू ठेवू द्या. जिल्ह्याची, विभागाची प्रमाणपत्रे फाइलमध्ये नीट जपा, कारण पुढे प्रवेशासाठी पदवीबरोबर खेळातल्या सहभागाचा पुरावा मागतात. बारावीनंतर पदवी कोणतीही चालेल, शारीरिक शिक्षणाची असेल तर उत्तम. मग सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम, जीवरक्षणाचे प्रमाणपत्र, एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली एक-दोन मोसम, आणि जमल्यास डिप्लोमा. टोकियो ऑलिम्पिकला आलेल्या सगळ्या खेळांच्या प्रशिक्षकांत बायका अवघ्या १३ टक्के होत्या. जगभर हीच टंचाई आहे. शाळा, निवासी संकुले, मोठ्या हॉटेलांचे तलाव, सगळीकडे बायकांच्या वेळेसाठी शिकलेली बाई मिळत नाही म्हणून ती वेळच रद्द होते. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास अशी ही नोकरी लग्नानंतरही सांभाळता येते, आणि तिच्या हाताखाली पोहणाऱ्या सातवीतल्या मुलींना पाळीबद्दल कोणाला सांगायचे हा प्रश्न पडत नाही.